पेनड्राइव्ह कुणाच्या खणात?

नांदेड जिल्ह्यातल्या नायगावात एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या अध्यक्षांना विचारून बघा, कंपनीची डीएससी कुठं आहे? डीएससी म्हणजे डिजिटल सही. बोटाच्या दोन पेरांएवढ्या पेनड्राइव्हमध्ये ती साठवलेली असते. उत्तर बहुधा असं येतं, "नांदेडच्या सायबांकडं हाय की. सगळं तेच बघतेत."

ही सही संचालकाची आहे. तिच्या जोरावर ताळेबंद दाखल होतो, नवे संचालक आत येतात, जुने बाहेर जातात, कंपनीवर कर्जाचा बोजा नोंदला जातो. माहिती तंत्रज्ञान कायद्यानं २००० सालीच डिजिटल सहीला शाईच्या सहीचा दर्जा दिला. कोऱ्या स्टँपपेपरवर सह्या करून तो परगावच्या माणसाकडे ठेवणारा शेतकरी अख्ख्या तालुक्यात सापडायचा नाही. डीएससीच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करून बसलो आहोत.

गेल्या दीड-दोन वर्षांत धंद्याच्या नोंदणीचे नियम चहूबाजूंनी बदलले. दुकानाचे बदलले, उद्यमचे बदलले, जीएसटीचे बदलले, कामगारांचे बदलले. मोंढ्यावर त्याची धास्ती आहे. कृष्णूरच्या एमआयडीसीत आहे, डाळ मिलवाल्यांत आहे. धास्ती खरी आहे, पण तिचा रोख चुकला आहे. नियम बदलला म्हणून इथला धंदा अडत नाही. धंद्याची नोंदणी दुसऱ्याच्या मोबाइलवर असते, म्हणून तो अडतो.

वीस माणसांची रेघ

दुकानापासून सुरुवात करू. ज्या वर्षी मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला, त्याच १९४८ साली तिकडं मुंबई प्रांतात दुकानं व आस्थापनांचा कायदा झाला. आपण त्या राज्यात गेलो १९५६ साली. पुढं तोच कायदा आपल्याही दुकानांना लागू झाला आणि 'गुमास्ता' हा शब्द घरोघर पोचला. २०१७ साली त्या जागी नवा कायदा आला. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर नोंदणी नको, धंदा सुरू केल्यापासून साठ दिवसांत ऑनलाइन सूचना दिली की पुरे, असं त्यानं सांगितलं. २०२५ मध्ये ही रेघ दहावरून वीसवर गेली.

म्हणजे नायगावच्या बाजारपेठेतली जवळपास सगळी दुकानं आता नुसत्या सूचनेच्या वर्गात आली. या सूचनेला दरवर्षीचं नूतनीकरण नाही. तरीही 'शॉप अ‍ॅक्ट रिन्यू करायचं हाय' म्हणून दरवर्षी पैसे मोजणारे दुकानदार असतील, तर त्यांनी आज ते थांबवावं. ज्या कामाची गरजच उरली नाही, त्याची फी कुणालाही देऊ नका. सूचनेची पोचपावती मात्र छापून गल्ल्याच्या मागं लावा. चालू खातं उघडायला गेलात की बँक आधी तोच कागद मागते.

उद्यम : फुकट आणि मोलाची

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या नोंदणीत १ जुलै २०२० ला 'उद्योग आधार' गेलं आणि 'उद्यम' आलं. जुनी प्रमाणपत्रं चालू ठेवण्याची मुदत पुनःपुन्हा वाढत गेली आणि ३० जून २०२२ ला कायमची संपली. आजही कुणाच्या भिंतीवर उद्योग आधारचा कागद चौकटीत लावलेला असेल, तर त्याची किंमत शून्य आहे.

१ एप्रिल २०२५ पासून व्याख्याही बदलली. सूक्ष्म उद्योगाची गुंतवणुकीची मर्यादा १ कोटीवरून अडीच कोटींवर गेली आणि उलाढालीची ५ कोटींवरून १० कोटींवर. लघु उद्योगासाठी हे आकडे २५ कोटी आणि १०० कोटी झाले. कृष्णूरला यंत्रं वाढवायची, पण वर्ग बदलेल म्हणून हात आखडता घ्यायचा, असं ज्यांनी केलं असेल त्यांनी नवे आकडे समोर ठेवून पुन्हा हिशोब मांडावा.

उद्यम नोंदणीला सरकारी शुल्क एक रुपयाही नाही. आधार, पॅन आणि मोबाइलवर येणारा ओटीपी, एवढ्यावर ती होते. सरकारी वाटाव्यात अशा बनावट साइट त्यासाठी पैसे उकळतात. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' नसेल तर ती साइट बंद करा.

फुकट आहे म्हणून ती हलकी समजू नका. सूक्ष्म आणि लघु उद्योगानं माल दिला की घेणाऱ्यानं पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, असं २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढीनं. आता आयकरानंही या नियमाला दात दिले आहेत. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदतीत न दिलेली रक्कम घेणाऱ्याला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. हैदराबादचा किंवा पुण्याचा मोठा खरेदीदार सहा-सहा महिने पैसे लटकवतो तेव्हा डाळ मिलवाल्याच्या हातात हेच एक हत्यार असतं. पण माल देण्याआधी उद्यम नोंद झालेली असावी. मागाहून काढलेल्या नोंदीवर वाद होतात. आणि आडत्यांनी, ठोक-किरकोळ व्यापाऱ्यांनी गैरसमजात राहू नये. २०२१ पासून त्यांना उद्यममध्ये घेतलं आहे ते बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतं. ४५ दिवसांचं संरक्षण त्यांना नाही.

सात दिवस

जीएसटीचा नोंदणी क्रमांक मिळणं सोपं झालं. महिन्याला अडीच लाखांपर्यंतच कर पुढं द्यावा लागणार असेल, तर १ नोव्हेंबर २०२५ पासून आधार पडताळणीनंतर तीन कामाच्या दिवसांत क्रमांक मिळण्याची सोय आहे. चांगलं झालं. क्रमांक हातचा जाणंही तितकंच सोपं आहे, हे मात्र कुणी सांगत नाही.

ते कसं होतं, ते जवळून बघू. कापणीनंतर दोन महिने शेतकरी कंपनीचे व्यवहार झाले, मग कंपनी शांत. व्यवहार नाही म्हणून विवरणपत्र नाही. खरं तर शून्याचं विवरणपत्रही भरावंच लागतं. दरमहा भरणाऱ्यानं सलग सहा महिने किंवा तिमाही भरणाऱ्यानं सलग दोन तिमाह्या भरलं नाही, की अधिकारी नोंदणी रद्द करण्याची नोटीस काढू शकतो. उत्तराला मुदत असते सात कामाच्या दिवसांची. ही नोटीस घेऊन पोस्टमन नायगावात येत नाही. ती पोर्टलवर चढते आणि नोंदवलेल्या ई-मेलवर, मोबाइलवर निरोप जातो. तो ई-मेल नांदेडच्या कार्यालयातल्या मुलानं तीन वर्षांपूर्वी उघडलेला असतो, आणि मुलगा नोकरी सोडून गेलेला असतो. सात दिवस संपतात. क्रमांक रद्द होतो. पुढच्या हंगामात लातूरला सोयाबीनची गाडी पोचते, खरेदीदार संगणकावर क्रमांक टाकतो, समोर 'रद्द' असं येतं आणि गाडी उभी राहते.

रद्द झालेली नोंदणी परत मिळवण्यासाठी आदेशापासून ९० दिवसांत अर्ज करता येतो. पण आदेश निघाला हेच ज्याला कळलं नाही, त्याचे ९० दिवस कधी सुरू झाले आणि कधी संपले हे त्याला कोण सांगणार?

दुसरी गोष्ट. धंदा एकट्याच्या नावावर असेल तर जीएसटी क्रमांक त्याच्या पॅनला बांधलेला असतो. वडील गेले आणि मुलगा गल्ल्यावर बसला म्हणून तो क्रमांक मुलाचा होत नाही. मुलानं नवा घ्यायचा आणि वडिलांच्या खात्यावर शिल्लक असलेलं कराचं क्रेडिट रीतसर आपल्याकडे वळवून घ्यायचं. कृषी सेवा केंद्र असेल तर खत, बियाणं, कीटकनाशकांचे परवाने वेगळे. तेराव्यानंतरच्या आठवड्यात हे काम हाती घ्या. वडिलांच्या नावानं दोन-दोन वर्षं बिलं फाडत राहणं म्हणजे त्यांचा मान राखणं नव्हे.

भावाभावांची फर्म

मोंढ्यावरच्या कितीतरी आडती भागीदारीत चालतात. "जीएसटी हाय, पॅन हाय, म्हणजे फर्म रजिस्टरच झाली की," असं छातीठोक सांगितलं जातं. तसं नाही. भागीदारी संस्थेची नोंदणी निबंधकांकडे स्वतंत्रपणे करावी लागते. १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम ६९ सांगतं की, नोंदणी नसलेल्या फर्मला करारातली रक्कम वसूल करण्यासाठी बाहेरच्यावर दावा लावता येत नाही. उधारी लाखाची असो नाही तर पन्नास लाखांची, कोर्टाचं दार तिला बंद. समोरचा मात्र फर्मवर दावा लावू शकतो.

भागीदार वारला, वेगळा झाला, नवा आला, तर त्याचीही नोंद करावी लागते. भावांचं सख्य चांगलं असतं तेव्हाच हे करून घ्यावं. बिनसल्यावर कुणी कुणाच्या कागदावर सही करत नाही.

तीन वर्षांचा फास

आता पुन्हा शेतकरी उत्पादक कंपनीकडे येतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथं होतं आणि ते गरिबाच्या भांडवलाचं होतं.

फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रानं दहा हजार शेतकरी उत्पादक संस्थांची योजना सुरू केली. ६,८६५ कोटींची. सपाट प्रदेशात किमान ३०० सभासद. व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत मिळून १८ लाखांपर्यंत मदत, त्यात मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचा पगार महिना २५ हजारांपर्यंत आणि हिशेबनिसाचा १० हजारांपर्यंत. सभासदाच्या भागभांडवलाला दोन हजारांपर्यंत जोड. योजना चांगली आहे. मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला सोयाबीन, तूर, हरभरा एकत्र करून विकण्याची ताकद यातून येऊ शकते.

पण तीन वर्षं संपली की पगाराचे पैसे थांबतात. हिशेबनीस दुसरीकडे लागतो. आणि कायद्याचं घड्याळ त्याच वेळी जोरात चालू होतं. मार्चअखेरनंतर सहा महिन्यांत वार्षिक सभा. सभेनंतर ३० दिवसांत ताळेबंदाचा एओसी-४ हा फॉर्म आणि ६० दिवसांत वार्षिक विवरणाचा एमजीटी-७. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला रोज १०० रुपये. दोन फॉर्मचे रोजचे २०० आणि वर्षाचे ७३ हजार. तीनशे शेतकऱ्यांनी हजार-हजार रुपये भाग भरला असेल तर ती पुंजी तीन लाखांची. चार-साडेचार वर्षांच्या हयगयीत ती नुसत्या उशिराच्या शुल्कात साफ होते. एक क्विंटल सोयाबीनही न विकता.

तीन वर्षं सलग काहीच भरलं नाही तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. इथल्या कंपनीतच नव्हे, दुसऱ्या कुठल्याही कंपनीत. निबंधक कंपनीचं नाव पटावरून काढू शकतात. नाव निघालं की बँक खातं गोठतं. कंपनी जिवंत करायला मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणात वकील लावून उभं राहावं लागतं. ही नुसती भीती नाही. २०१७ साली देशभरात सव्वादोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावं पटावरून निघाली आणि तीन लाखांच्या आसपास संचालक अपात्र ठरले. मोहीम कागदी कंपन्यांविरुद्ध होती. पण निकष होता विवरणपत्रं भरली की नाही हा. निकषाला प्रामाणिक शेतकरी आणि भामटा यांतला फरक कळत नाही.

पत्त्याचंही तसंच. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय म्हणून जो पत्ता दिला आहे, तिथं कार्यालय असलं पाहिजे, बाहेर पाटी पाहिजे आणि आलेलं पत्र घेणारं माणूस पाहिजे. २०२२ च्या नियमांनुसार निबंधक तिथं प्रत्यक्ष पाहणीला येऊ शकतात, गावातले दोन साक्षीदार बोलावून फोटो काढू शकतात. कार्यालय हललं असेल तर ३० दिवसांत कळवायचं. जीएसटीला १५ दिवसांत. गोदाम नरसीला हललं आणि कागदावर पत्ता अजून कुंटूरचाच राहिला, तर ती चूक आहे आणि तिला दंड आहे.

सरकारलाही सांगायचं आहे

सगळा दोष कंपनीवाल्यांच्या माथी मारणं अन्याय होईल. दुकानावर मराठी पाटी लावा, असं राज्याचा कायदा सांगतो. २०२२ पासून लहानातल्या लहान दुकानालाही ते बंधन आहे आणि ते योग्यच आहे. मग त्याच दुकानाचा, त्याच कंपनीचा गळा आवळणारी नोटीस इंग्रजीत का येते? कंपनी मंत्रालयाचे फॉर्म इंग्रजीत, नोटीस इंग्रजीत, कारण इंग्रजीत, दंडाचा हिशोब इंग्रजीत. दहावी शिकलेला संचालक तो कागद घेऊन परक्याच्या दारात जाणार नाही तर काय करील? परावलंबन त्याच्या आळसातून जेवढं आलं, तेवढंच या इंग्रजी कागदातून आलं. शेतकऱ्यांच्या कंपनीला जाणारी प्रत्येक नोटीस त्या राज्याच्या भाषेतही गेली पाहिजे. दहा हजार संस्था काढण्याचं धोरण करता येतं, तर एक नोटीस मराठीत छापता आली पाहिजे.

दुसरं, कंपनी काढताना पाठीशी असलेली संस्था तीन-पाच वर्षांनी निघून जाते. निघताना तिनं कंपनीला सगळे पासवर्ड, डीएससी, मूळ दाखले आणि सभावृत्ताच्या वह्या लेखी यादीनिशी सोपवल्या की नाही, हे तपासणारं कुणीतरी जिल्ह्यात हवं. नांदेडच्या जिल्हा यंत्रणेनं एवढं एक काम अंगावर घेतलं तर कितीतरी कंपन्या वाचतील.

आता धंदेवाल्यांसाठीही एक काम, कामगार संहितेचं. २१ नोव्हेंबर २०२५ ला देशात २९ जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता लागू झाल्या. कामावरच्या प्रत्येकाला नेमणूकपत्र देणं आता बंधनकारक आहे. हमाल, मापाडी, यंत्रावरचा मुलगा, हिशेब लिहिणारी मुलगी, सगळ्यांना. एका पानाच्या पत्रानं हे काम भागतं. तेवढं तरी इन्स्पेक्टर येण्याची वाट न बघता करा, कारण ते कामगाराच्या हक्काचं आहे.

काम कुणाचं?

सीएकडे जाऊ नका, असं मी म्हणत नाही. जा. चांगला सीए आणि चांगला कंपनी सेक्रेटरी यांची फी ही वाया गेलेली रक्कम नाही. सल्ला त्यांचा घ्या, सही त्यांच्याकडून तपासून करा. पण चावी तुमच्याकडे ठेवा. पोर्टलवर नोंदलेला मोबाइल अध्यक्षांचा किंवा सचिवाचा असावा. ई-मेल कंपनीच्या नावाचा असावा आणि त्याचा पासवर्ड किमान दोन संचालकांना ठाऊक असावा. डीएससी ज्याची त्याच्या घरात असावी आणि तिची मुदत कधी संपते ते त्याला माहीत असावं. कुणाच्या हवाली करायचीच वेळ आली तर कशासाठी दिली, कधी परत आली, याची वहीत नोंद असावी. जो सल्लागार पासवर्ड मागितल्यावर रागावतो, तो बदला.

'मुदत वाढतेच' हा भरवसाही सोडा. उद्योग आधारची वाढली, म्हणून सगळ्यांची वाढेल असं नाही. जुलै २०२५ पासून जीएसटीची तीन वर्षांहून जुनी विवरणपत्रं पोर्टल घेतच नाही. पैसे घेऊन उभे राहिलात तरी घेत नाही.

राहिला प्रश्न हे सगळं गावात करणार कोण. नायगावात, नरसीत, बरबड्यात बी.कॉम. झालेल्या मुली-मुलं आहेत. स्पर्धा परीक्षेचे फॉर्म भरता भरता त्यांना पोर्टल, ओटीपी, पीडीएफ यांची पक्की सवय झाली आहे. त्यांच्यातल्या एकीला चार-पाच कंपन्यांनी मिळून ठरावीक पगारावर नेमा. तारखांचं कोष्टक तिच्याकडे द्या. दर सोमवारी तिनं प्रत्येक कंपनीचं जीएसटीचं, उद्यमचं आणि कंपनी मंत्रालयाचं खातं उघडून बघायचं आणि काही आलं असेल तर त्याच दिवशी अध्यक्षांना मराठीत समजावून सांगायचं. महिन्याचे दहा हजार पाच जणांत वाटले तर एका कंपनीला दोन हजार पडतात. उशिराचं शुल्क दोन फॉर्मना तीस दिवसांत सहा हजार होतं.

नायगावच्या कंपनीचं दप्तर नायगावात असलं पाहिजे. येत्या संचालक बैठकीत हा पहिला विषय घ्या, ठराव करा आणि इतिवृत्तात अंमलबजावणीची तारीख घाला.